गुरूची सत्ता कोठवर ? – शाळेच्या आवाराबाहेरील विद्यार्थी आणि शिक्षकाचा अधिकार

(१) प्रश्नाचें स्वरूप

कोयना आणि केरा या नद्यांच्या संगमावर वसलेल्या पाटण या तालुक्याच्या गांवीं ज्यानें शिक्षकाचा धंदा केला आहे, त्यास प्रस्तुत प्रश्न ग्रंथांत शोधावा लागत नाहीं. तो रोज सकाळ-सायंकाळ रस्त्यानें चालत येतो. डोंगरांतल्या वाड्यावस्त्यांवरून मुलें शाळेस येतात. कांहीं पायीं, कांहीं एस्. टी. नें. शाळेंत त्यांचे पांच-सहा तास जातात, पण वाटेंत, स्टँडावर आणि बाजारांतही त्यांचा बराच वेळ जातो. स्टँडावर दोन मुलांची मारामारी झाली, टपरीच्या आडोशाला कोणी विडी ओढतांना दिसला, पावसाळ्यांत पुलावरून उडी टाकण्याची कोणी पैज लावली, कीं गांवकरी पहिल्यानें विचारतात, "हा कोणत्या शाळेचा ?" आणि लगेच दुसरें, "मास्तर काय करतात ?" उलट मास्तरांनीं कांहीं केलेंच, तर मुलाचा बाप विचारतो, "शाळा सुटल्यावर माझ्या पोराला बोलणारे तुम्ही कोण ?" हे दोन्ही प्रश्न एकाच गांवांत, आणि पुष्कळदां एकाच मनुष्याच्या तोंडून निघतात.

दोन्ही प्रश्न एकाच वेळीं खरे असूं शकत नाहींत असें नाहीं. पहिल्यांत शिक्षकाच्या कर्तव्याची अपेक्षा आहे, दुसऱ्यांत त्याच्या दंडशक्तीस हरकत आहे. कर्तव्य आणि दंडशक्ति या दोन गोष्टी आपण एकाच शब्दानें, म्हणजे 'अधिकार' या शब्दानें, व्यक्त करतों आणि मग गोंधळ होतो. हा गोंधळ कसा उत्पन्न झाला, आणि तो इतिहासाच्या साह्यानें कितपत उलगडतां येतो, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

(२) धर्मशास्त्रांतील मर्यादा

प्राचीन काळीं गुरूची सत्ता शिष्याच्या सर्व आयुष्यावर होती, हें विधान आपण वारंवार ऐकतों व तें बऱ्याच अंशीं खरें आहे. पण तें कां खरें होतें, हें शिष्यवाचक शब्दच सांगतो. शिष्यास 'अन्तेवासी' म्हणत. अन्तेवासी म्हणजे जवळ राहणारा. तो गुरूच्या घरीं राही, गुरूसाठीं समिधा आणी, भिक्षा मागून गुरूस निवेदन करी व त्याच्या अनुज्ञेनें जेवी. शाळा आणि घर यांत तेथें भिंतच नव्हती. म्हणून 'शाळेबाहेर' हा शब्द उच्चारण्यास जागाही नव्हती. गुरूची चोवीस तासांची सत्ता ही ज्ञानदानापासून निघालेली नसून सहवासापासून व पोषणापासून निघालेली होती.

हें अनुमान आमच्या पदरचें नव्हे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांत दुसऱ्यावर काठी उगारूं नये असा सामान्य निषेध सांगून पुत्र आणि शिष्य या दोघांचा अपवाद केला आहे, तोही केवळ शिक्षणासाठीं. पुढें आठव्या अध्यायांत दोरीनें किंवा वेळूच्या कांबीनें ताडन करण्याचा जो नियम आहे, त्यांत भार्या, पुत्र, दास, सख्खा भाऊ यांच्या पंक्तीस कांहीं पाठांप्रमाणें 'प्रेष्य' व कांहींप्रमाणें 'शिष्य' येतो. ही सर्व यादी एका कुटुंबप्रमुखाच्या घरांतील माणसांची आहे. शिष्य त्या यादींत येतो तो घरांतला म्हणून येतो.

दुसरी गोष्ट अशी, कीं ही सत्ता त्या काळींही अमर्याद नव्हती. मनूनें ताडन पाठीवरच करावें, मस्तकावर कधींही करूं नये, असें सांगून याच्या उलट वागणारास चोराचें पाप लागतें असें म्हटलें आहे. गौतमधर्मसूत्र याहून पुढें जातें. शिष्याचें शासन मुळांत न मारतांच करावें. अशक्य झाल्यास बारीक दोरीनें किंवा वेळूच्या कांबीनें करावें. आणि दुसऱ्या कशानें मारल्यास राजानें त्या गुरूलाच शिक्षा करावी, असा त्याचा आशय आहे. आपस्तंबानें शिक्षेचे जे प्रकार सांगितले आहेत ते भय दाखविणें, उपवास, थंड पाण्याचें स्नान आणि गुरूच्या नजरेसमोर येण्यास बंदी, असे आहेत, व तेही शिष्य सुधारेपर्यंतच. गुरूवर राजाचा दंड चालतो, हें तत्त्व म्हणजे आजच्या कायद्यानें प्रथम शोधून काढलेली गोष्ट नव्हे. आणि उन्मत्त होऊन वाट सोडणाऱ्या गुरूचेंही शासन करावें, हा विचार महाभारतांत एकाहून अधिक ठिकाणीं आला आहे.

तिसरी गोष्ट आमच्या विषयास सर्वांत जवळची आहे. स्मृतींनीं 'आचार्य' आणि 'उपाध्याय' यांत भेद केला आहे. उपनयन करून शिष्यास साङ्ग व सरहस्य वेद शिकवितो तो आचार्य; वेदाचा एक भाग किंवा वेदांगें जो उपजीविकेसाठीं शिकवितो तो उपाध्याय. पतंजलीच्या महाभाष्यांत उदात्ताच्या जागीं अनुदात्त उच्चारणाऱ्या पोरास चापट देणारा खण्डिकोपाध्याय आपणांस भेटतो. त्याची चापट उच्चारासाठीं आहे, पोराच्या इतर वर्तनासाठीं नव्हे. वेतन घेऊन नेमलेला विषय नेमलेल्या वेळीं शिकविणारा आजचा शिक्षक या परिभाषेप्रमाणें उपाध्याय ठरतो. त्याजकडून आचार्याच्या कर्तव्याची अपेक्षा करावी, किंवा त्यानें स्वतःकडे आचार्याची सत्ता घ्यावी, या दोन्ही गोष्टी मूळ व्यवस्थेस धरून नाहींत.

नारदस्मृतींत 'अभ्युपेत्याशुश्रूषा' या व्यवहारपदांत कारागिरी शिकणाऱ्या अन्तेवासीविषयीं जे नियम आहेत, तेही येथें पाहण्यासारखे आहेत. शिकणारानें आपल्या आप्तांच्या अनुमतीनें, काळ ठरवून, कारागिराजवळ राहावें; कारागिरानें त्यास आपल्या घरीं अन्न देऊन पुत्राप्रमाणें वागवावें, आणि दुसरें काम करावयास लावूं नये. आप्तांची अनुमति, ठरलेला काळ आणि ठरलेलें काम, या तीन मर्यादा येथें स्पष्ट आहेत. हे नियम ज्या समाजासाठीं लिहिले गेले, त्यांत बहुसंख्य मुलांना व जवळजवळ सर्व मुलींना विद्येचें दारच उघडें नव्हतें, हें विसरून चालणार नाहीं. तथापि सत्तेची मर्यादा कशी आंखावी, याची रीत त्यांतून शिकतां येते.

(३) समर्थ आणि पंतोजी

पाटण तालुक्यांतील चाफळ येथें समर्थ रामदासांनीं राममंदिर स्थापिलें, हें सर्वश्रुत आहे. त्यांच्या दासबोधाच्या पांचव्या दशकांत गुरुलक्षण सांगतांना विद्यागुरु, वस्तादगुरु इत्यादि अनेक प्रकारचे गुरु मोजले आहेत, आणि मोक्ष देणारा गुरु त्या सर्वांहून वेगळा काढला आहे. संपूर्ण शरणागति ज्यास द्यावयाची तो गुरु एक, आणि एखादी विद्या ज्याच्याजवळ शिकावयाची तो गुरु दुसरा, हा विवेक आमच्याच डोंगरांत सतराव्या शतकांत सांगितला गेला. 'गुरुर्ब्रह्मा' म्हणून शाळामास्तरास सर्वाधिकारी ठरविणारांनीं तो लक्षांत घ्यावा.

पेशवाईच्या अखेरीस व इंग्रजी अमलाच्या आरंभीं गांवोगांव पंतोजींच्या शाळा होत्या. त्या देवळाच्या ओवरींत, कोणाच्या पडवींत किंवा वाड्याच्या सोप्यांत भरत. पंतोजीचें पोट पालकांच्या धान्यावर व सणावारीं मिळणाऱ्या देणगीवर चाले. त्याची छडी प्रसिद्ध आहे. पण त्याची सत्ता ओवरीच्या बाहेर जाई ती एकाच कामासाठीं. पळालेल्या पोरास तो चार दांडग्या पोरांकडून उचलून आणवी. तें उचलणें बापाच्या संमतीनें, पुष्कळदां आईच्या सांगण्यावरूनच होई. पंतोजी बापाचा मुखत्यार होता. बापाची इच्छा फिरली कीं त्याची सत्ता संपे, कारण पोर दुसऱ्या दिवसापासून येतच नसे आणि धान्यही येत नसे.

(४) सरकार तिसरा पक्ष होतें

१८५४ च्या शिक्षणविषयक खलित्यानंतर १८५५ सालीं मुंबई इलाख्यांत स्वतंत्र शिक्षणखातें निर्माण झालें. तोंवर पंतोजी आणि बाप असे दोनच पक्ष होते. आतां सरकार हा तिसरा पक्ष झाला. शिक्षकाचा पगार, शाळेचें अनुदान, परीक्षा आणि शिष्यवृत्ति यांचा धनी बाप राहिला नाहीं. शिक्षक कोणाच्या वतीनें मुलास ताब्यांत ठेवतो, बापाच्या कीं सरकारच्या, हा प्रश्न येथून उत्पन्न झाला.

सक्तीच्या शिक्षणानें या प्रश्नाचें एक उत्तर दिलें, तें लक्ष्यपूर्वक पाहिलें पाहिजे. कोल्हापुरांत शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं सक्तीचें व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलें, तेव्हां मुलास शाळेंत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा १ रुपया दंड ठेविला. मुंबई इलाख्यांत विठ्ठलभाई पटेल यांनीं आणलेला प्राथमिक शिक्षणाचा कायदा १९१८ सालीं झाला, व त्यानंतर १९२३ व १९४७ सालीं पुढचे कायदे झाले. कोल्हापुरांत दंड पडला तो मुलावर नव्हे, पालकावर. आणि तो बसविण्याचा अधिकार शिक्षकाच्या हातीं नव्हता. पंतोजीच्या चार दांडग्या पोरांची जागा कायद्यानें घेतली. शाळेबाहेरच्या मुलास शाळेंत आणण्याची एकमेव जुनी शक्तिसुद्धां अशा रीतीनें शिक्षकाच्या हातून निघाली.

(५) शिक्षकास शिपाई करण्याचा प्रयत्न

शिक्षकाची सत्ता रस्त्यापर्यंत ताणण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न या देशांत झाला तो राजकारणासाठीं झाला. वंगभंगाच्या चळवळींत विद्यार्थी सभांना व निरोधनास जाऊं लागले, तेव्हां ऑक्टोबर १९०५ मध्यें बंगाल सरकारचे चिटणीस कार्लाइल यांच्या सहीचें परिपत्रक निघालें. विद्यार्थ्यांस आवरलें नाहीं तर शाळांचें अनुदान व शिष्यवृत्त्या बंद होतील, एवढेंच त्यांत नव्हतें. शिक्षकांस विशेष शिपाई म्हणून नेमण्याची धमकीही त्यांत होती. शाळेबाहेरच्या विद्यार्थ्यावर शिक्षकाची अमर्याद सत्ता मानली, तर तिचें पर्यवसान कशांत होतें, हें याहून स्पष्ट रीतीनें कोणी सांगितलें नसेल. रंगपूर येथील सरकारी शाळेच्या विद्यार्थ्यांस स्वदेशी सभेस गेल्याबद्दल दंड झाला. त्यांनीं तो भरण्याचें नाकारलें आणि नोव्हेंबर १९०५ मध्यें तेथें पहिली राष्ट्रीय शाळा निघाली. पुढें मे १९०७ मध्यें हिंदुस्थान सरकारचे गृहचिटणीस रिस्ले यांच्या परिपत्रकानें हेंच धोरण सर्व देशास लागू केलें.

महाराष्ट्रांतील प्रसिद्ध उदाहरण त्याच ऑक्टोबर १९०५ मधील आहे. पुण्यास विलायती कापडाची होळी झाली. ती महाविद्यालयाच्या आवारांत झालेली नव्हती. तींत पुढाकार घेतल्याबद्दल फर्ग्युसन महाविद्यालयाचे विद्यार्थी विनायक दामोदर सावरकर यांस १० रुपये दंड झाला व वसतिगृहांतून काढण्यांत आलें. प्राचार्य रँग्लर र. पु. परांजपे हे होते. टिळकांनीं केसरींत 'हे आमचे गुरूच नव्हेत' या मथळ्याखालीं त्यावर कडक टीका केली. परांजपे यांच्या बाजूनें असें म्हणतां येईल, कीं संस्था सरकारी रोषास बळी पडूं नये याची जबाबदारी प्राचार्यावर असते. पण हें कारण मान्य केलें तरी शिक्षा झाली ती विद्यार्थ्याच्या अभ्यासांतील दोषाबद्दल नव्हे, तर संस्थेवर येऊं शकणाऱ्या संकटाबद्दल, हें उरतेंच. टिळकांच्या मथळ्यांत अतिशयोक्ति असेल. परंतु गुरुत्व कोणत्या कारणासाठीं वापरलें यावर गुरुत्व टिकतें, हें त्यांतलें तत्त्व बिनचूक आहे.

दुसरें उदाहरण सातारा जिल्ह्यास अधिक जवळचें आहे. कर्मवीर भाऊराव पाटील हे कोल्हापुरांत शिकत असतांना जैन बोर्डिंगांत राहत. १९०८ सालीं अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीं निघालेल्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभास ते गेले. परत आल्यावर शुद्धीचें स्नान करण्याचें त्यांनीं नाकारलें, आणि त्यांस बोर्डिंग सोडावें लागलें, अशी हकीकत त्यांच्या चरित्रांतून येते. येथेंही कृत्य बाहेरचें आहे, आणि शिक्षा वसतिगृहाची आहे. दोन्ही उदाहरणांत राहण्याच्या जागेवर घाला आला, हा योगायोग नव्हे. वसतिगृह हेंच आधुनिक काळांतलें गुरुकुल. तेथें विद्यार्थी अन्तेवासी असतो, आणि म्हणून जुनी सर्वंकष सत्ता तेथें आपोआप जिवंत होते. जेथें ती सत्ता सर्वांत मोठी, तेथेंच तिचा दुरुपयोगही सर्वांत सोपा.

भाऊरावांनीं या अनुभवानंतर वसतिगृहाची कल्पनाच टाकून दिली नाहीं. त्यांनीं १९१९ सालीं कराडजवळ काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ सालीं साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचें एकत्र वसतिगृह काढलें. तेथील मुलांवर त्यांची व लक्ष्मीबाईंची सत्ता कडक होती. पण ती आईबापांची सत्ता होती. वसतिगृह चालावें म्हणून लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने मोडले. नारदानें कारागिरास घातलेली अट, म्हणजे घरीं अन्न देऊन पुत्राप्रमाणें वागविणें, ती येथें पाळली गेली. म्हणून सत्ताही कोणास जाचली नाहीं.

पुढें राजकीय चळवळीच्या काळांत शाळेची सत्ता किती तोकडी आहे, हें सातारा जिल्ह्यानें अनेकदां पाहिलें. कराडच्या टिळक हायस्कुलाचे विद्यार्थी यशवंतराव चव्हाण यांस १९३२ सालीं राष्ट्रध्वज लावल्याबद्दल १८ महिन्यांची शिक्षा झाली, ती शाळेनें नव्हे, न्यायालयानें दिली. आणि सुटून आल्यावर १९३४ सालीं ते मॅट्रिक झाले. १९४२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरांत कराड, पाटण, तासगांव, वडूज व इस्लामपूर येथील कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. वडूज व इस्लामपूर येथें गोळीबारांत माणसें पडलीं. अशा प्रसंगीं कोणत्याही शाळेची हजेरीपत्रकें कोणास घरीं थांबवूं शकत नसतात, आणि तें त्यांचें कामही नव्हे.

(६) परदेशांतील निवाडे

हाच प्रश्न इतर देशांत न्यायालयांपुढें गेला आहे. चार निवाडे येथें सांगतों, कारण त्यांतून एक सूत्र निघतें.

अमेरिकेंतील व्हरमाँट संस्थानांत १८५९ सालीं लँडर विरुद्ध सीव्हर हा खटला झाला. शाळा सुटून बराच वेळ झाल्यावर एक मुलगा बापाची गाय हाकीत शिक्षकाच्या घरावरून चालला होता. सोबत्यांच्या देखत त्यानें शिक्षकाचा 'म्हातारा जॅक सीव्हर' असा उल्लेख केला. दुसऱ्या दिवशीं शिक्षकानें त्यास शाळेंत मारलें. न्यायालयानें असें ठरविलें, कीं शाळा सुटून मूल घरीं पोंचलें म्हणजे सामान्यतः पालकाची सत्ता सुरू होते. तथापि ज्या कृत्याचा शाळेच्या शिस्तीस प्रत्यक्ष व तात्काळ अपाय होतो, त्यापुरती शिक्षकाची सत्ता बाहेरही पोंचते.

इंग्लंडांत क्लिअरी विरुद्ध बूथ या १८९३ च्या खटल्यांत एका मुलानें शाळेच्या वाटेवर दुसऱ्या मुलास मारलें होतें. हेडमास्तरांनीं त्यास छडी दिली. शाळेची वाट हा शाळेच्या सत्तेचाच भाग होय, असें न्यायालयानें म्हटलें. १९२९ सालीं न्यूपोर्ट येथील राइट प्रकरणांत याहून पुढें मजल गेली. शाळेनें सार्वजनिक जागीं धूम्रपानास बंदी केली होती. एका मुलानें घरीं जातांना रस्त्यांत सिगारेट ओढली. बापाची त्यास परवानगी होती. तरीही, मुलास त्या शाळेंत घालतांना बापानें तिचे वाजवी नियम पतकरले असें समजून न्यायालयानें हेडमास्तरांची छडी योग्य ठरविली. हीच 'पित्याच्या स्थानीं गुरु' या तत्त्वाची परमावधि होय. त्या देशांत आतां छडीच कायद्यानें बंद झाली आहे.

चौथा निवाडा २०२१ सालचा, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा आहे. संघांत निवड न झालेल्या एका विद्यार्थिनीनें सुट्टीच्या दिवशीं, शाळेबाहेरून, मोबाइलवर शाळेविषयीं शिवराळ मजकूर मित्रमंडळींत पाठविला. शाळेनें तिला एका वर्षासाठीं खेळपथकांतून काढलें. ८ विरुद्ध १ मतानें निकाल तिच्या बाजूनें लागला. शाळेस बाहेर मुळींच सत्ता नाहीं, असें न्यायालयानें म्हटलें नाहीं. छळ, धमकी यांसारख्या गोष्टींत ती राहते. पण घरीं असतांना मूल पालकाच्या ताब्यांत असतें. आणि शाळेंतलें व बाहेरचें असें सर्व बोलणें शाळेच्या हातीं दिलें, तर मुलास चोवीस तासांत बोलण्यास मोकळा असा एकही क्षण उरणार नाहीं, असें कारण न्यायालयानें दिलें.

चारही निवाड्यांतलें सूत्र हें, कीं शिक्षकाची सत्ता मुलाच्या मागोमाग जात नाहीं. ती शाळेच्या कार्याच्या मागोमाग जाते. जेथें तें कार्य प्रत्यक्ष बिघडतें, तेथपर्यंत ती पोंचते.

(७) आजचा आमचा कायदा

आपल्याकडील १८६० च्या दंडसंहितेचें ८९ वें कलम असें होतें, कीं बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठीं, सद्भावनेनें, पालकानें किंवा पालकाच्या स्पष्ट अगर गर्भित संमतीनें केलेलें कृत्य, ठराविक मर्यादांत, गुन्हा होत नाहीं. शिक्षकाची छडी या 'गर्भित संमती'च्या आधारावर उभी होती. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्यायसंहितेंत हेंच तत्त्व २७ व्या कलमांत राहिलें आहे. परंतु मध्यंतरीं पायाखालची जमीन बदलली. दिल्ली उच्च न्यायालयानें १ डिसेंबर २००० रोजीं तेथील शाळांच्या नियमांतील शारीरिक शिक्षेची तरतूद रद्द केली. २००९ सालीं झालेल्या व १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या बालशिक्षणहक्काच्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या मुलास शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंची १७ व्या कलमानें बंदी केली, आणि प्राथमिक शिक्षण पुरें होईपर्यंत मुलास शाळेंतून काढून टाकण्यासही १६ व्या कलमानें मनाई केली.

याचा परिणाम आमच्या प्रश्नावर असा होतो. जें शिक्षकास शाळेच्या चार भिंतींत करतां येत नाहीं, तें त्यास रस्त्यावर करतां येईल असें म्हणणें संभवतच नाहीं. म्हणून 'स्टँडावर मास्तरांनीं दोन थोबाडींत द्याव्यात' ही गांवकऱ्यांची अपेक्षा, ती कितीही आपुलकीची असली, तरी कायद्याबाहेरची आहे. गौतमानें अडीच हजार वर्षांच्या जवळपास पूर्वीं जें पहिलें वाक्य सांगितलें होतें, न मारतां शासन करावें, तेंच आज पूर्ण वाक्य झालें आहे. त्याचा अपवाद गळून पडला आहे.

(८) उपसंहार

मग शिक्षकानें रस्त्यावर डोळे मिटून चालावें काय ? आम्हांस तसें वाटत नाहीं. दंड गेला तरी कर्तव्य जात नाहीं. पाटणसारख्या ठिकाणीं तर मुळींच जात नाहीं. येथें मूल घरून निघाल्यापासून घरीं पोंचेपर्यंत पुष्कळदां आईबापांच्या नजरेआड असतें, आणि वाटेवर त्यास ओळखणारें वडीलधारें माणूस म्हणजे त्याचा शिक्षकच असतो. पैज लावून भरल्या पुरांत उतरणाऱ्या मुलास हात धरून मागें ओढण्यासाठीं कोणत्याही कलमाची आवश्यकता नाहीं. तें कोणाही मनुष्याचें कर्तव्य आहे, आणि शिक्षकाचें दुपटीनें आहे.

प्रसंग याहून कमी निकडीचा असेल तेव्हां शिक्षकानें स्वतःस तीन प्रश्न विचारावेत, असें आम्ही सुचवितों. पहिला, या कृत्यानें शाळेंतील कोणा मुलाचें किंवा शाळेच्या कार्याचें प्रत्यक्ष नुकसान होत आहे काय ? वाटेवर लहान मुलास छळणें, किंवा वर्गांतल्या मुलीविषयीं मोबाइलवर घाणेरडा मजकूर फिरविणें, याचें उत्तर 'होय' असें येईल. रविवारीं जत्रेंत उशिरापर्यंत हिंडणें, याचें 'नाहीं' असें येईल. दुसरा, या ठिकाणीं ज्याची सत्ता मूळची आहे असा कोणी, म्हणजे पालक किंवा पोलीस, आहे काय ? असल्यास शिक्षकाचें काम कळविण्याचें आहे, निवाडा करण्याचें नव्हे. तिसरा, आपणांस जें खटकलें तें मुलाचें कृत्य आहे कीं मत ? मुलगा कोणाच्या सभेस गेला, कोणाच्या पंगतीस बसला, कोणती घोषणा दिली, यावरून शिक्षा करणारे शिक्षक व व्यवस्थापक १९०५ व १९०८ सालींही आपण संस्थेचें हितच करीत आहों, असें समजत होते. काळानें त्यांच्या शिक्षेपेक्षां शिक्षा झालेल्या विद्यार्थ्यांस अधिक लक्षांत ठेविलें.

पालकांसही एक गोष्ट सांगावीशी वाटते. "तुम्ही कोण ?" हा प्रश्न शिक्षकानें हात उगारला तर रास्त आहे; त्यानें शब्द उच्चारला तर रास्त नाहीं. ज्या गांवांत शिक्षकास रस्त्यावर मुलाशीं बोलण्याचीही चोरी होईल, त्या गांवांत तो शिक्षक उद्यां पुलावरच्या पैजेकडेही पाठ फिरवील.

नारदानें कारागिरासाठीं आप्तांची अनुमति, काळ आणि काम हीं तिन्ही आधीं ठरवावयास सांगितलीं. आमच्या शाळांनींही प्रवेशाच्या दिवशीं पालकांच्या हातीं एक पानभर मजकूर द्यावा: शाळेची जबाबदारी कोणत्या वेळेपासून कोणत्या वेळेपर्यंत, वाटेवरच्या व मोबाइलवरच्या कोणत्या गोष्टींत शाळा लक्ष घालील, लक्ष घालील म्हणजे नेमकें काय करील, आणि काय करणार नाहीं. तें पान पालकसभेंत वाचावें, त्यावर बोलावें, दोन्ही पक्षांनीं सही करावी. यास फारसा खर्च नाहीं. स्टँडावरच्या भांडणाच्या वेळीं मर्यादा शोधीत बसण्यापेक्षां ती जून महिन्यांतच आंखलेली असणें शिक्षक, पालक आणि मूल या तिघांच्याही हिताचें आहे.